टूथफिश पकड दस्तऐवज योजना

टूथफिश पकड दस्तऐवज योजना ही दक्षिण महासागरात व त्याच्या लगतच्या समुद्रांत पकडल्या जाणाऱ्या टूथफिश या माशाच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारी आंतरराष्ट्रीय योजना आहे. मासा जहाजावर आल्यापासून तो आयातदार देशाच्या बंदरात पोहोचेपर्यंत त्याच्या मालकीचा, वजनाचा व उगमाचा लेखी माग ठेवणे, हे या योजनेचे स्वरूप आहे. अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधन संवर्धन आयोगाने ती १९९९ साली स्वीकारली आणि ७ मे २००० पासून ती अमलात आली. अफाट समुद्रावर प्रत्येक जहाज अडवणे शक्य नसले, तरी चोरीच्या मासळीला बाजार मिळू न देणे शक्य आहे, या विचारावर ती आधारलेली आहे. बेकायदेशीर मासेमारीविरुद्ध व्यापारी निर्बंध व राष्ट्रांचे परस्परसहकार्य यांचा एकत्र वापर करणाऱ्या योजनांमध्ये तिचा उल्लेख नेहमी केला जातो.

पार्श्वभूमी

टूथफिश

टूथफिशच्या दोन जाती आहेत. पॅटागोनियन टूथफिश (डिसोस्टिकस एलेजिनॉइडिस) हा दक्षिण अमेरिकेचे टोक, दक्षिण जॉर्जिया, केर्गेलन, क्रोझे, हर्ड, प्रिन्स एडवर्ड इत्यादी बेटांभोवतीच्या थंड पाण्यात आढळतो. अंटार्क्टिक टूथफिश (डिसोस्टिकस मॉसोनी) हा त्याहूनही दक्षिणेकडे, अंटार्क्टिका खंडाच्या जवळ राहतो. पूर्ण वाढलेले मासे सामान्यतः शेकडो मीटर ते दोन हजार मीटरहून अधिक खोलीवर असतात. त्यांची लांबी दोन मीटरपर्यंत व वजन १०० किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. काही मासे सुमारे पन्नास वर्षे जगतात. मादी प्रजननक्षम होण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. ज्या माशाची पुढची पिढी इतक्या सावकाश तयार होते, त्याचा साठा एकदा घटला की तो भरून येण्यास दशके लागतात.

'टूथफिश' हे नाव ग्राहकांना आकर्षक वाटणार नाही, म्हणून १९७७ साली ली लँट्झ या अमेरिकी आयातदाराने या माशाला 'चिलियन सी बास' असे नाव दिले. वास्तविक हा मासा बास कुळातील नाही. पांढरे, स्निग्ध व शिजवल्यावर सहसा कोरडे न पडणारे मांस यांमुळे १९९० च्या दशकात अमेरिका व जपान येथील उपाहारगृहांत त्याला मोठी मागणी आली. त्याच्या किमतीमुळे मच्छीमारांत तो 'पांढरे सोने' म्हणून ओळखला जाऊ लागला.

बेकायदेशीर मासेमारीचा उद्रेक

अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधन संवर्धन करार २० मे १९८० रोजी कॅनबेरा येथे झाला व ७ एप्रिल १९८२ पासून लागू झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या आयोगाचे सचिवालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे आहे. आयोगाच्या अधिकारक्षेत्रात जगातील महासागरांचा सुमारे १० टक्के भाग येतो. कोणत्या भागात, किती व कोणत्या साधनाने मासे पकडावेत, हे आयोग दरवर्षी सदस्यांच्या एकमताने ठरवतो.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून या क्षेत्रात परवाना नसलेली जहाजे मोठ्या संख्येने येऊ लागली. आयोगाच्या अंदाजानुसार १९९६-९७ च्या हंगामात बेकायदेशीर पकड ३०,००० टनांहून अधिक होती, म्हणजे कायदेशीर पकडीपेक्षा ती कितीतरी अधिक होती. दक्षिण आफ्रिकेच्या प्रिन्स एडवर्ड बेटांभोवतीचा साठा अवघ्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटला.

हानी केवळ माशांची नव्हती. हजारो गळ लावलेली अनेक किलोमीटर लांबीची दोरी, म्हणजे लाँगलाइन, समुद्रात सोडताना आमिषावर झडप घालणारे अल्बट्रॉस व पेट्रेल पक्षी गळाला अडकून बुडतात. कायदेशीर जहाजांना रात्री दोरी सोडणे, तिला वजने बांधणे, पक्ष्यांना दूर ठेवणाऱ्या फिती लावणे असे नियम पाळावे लागतात. चोरून मासेमारी करणारी जहाजे यांपैकी काहीच पाळत नाहीत.

'बेकायदेशीर, अनोंदित व अनियंत्रित मासेमारी' हा आज सर्वत्र रूढ असलेला शब्दप्रयोग याच आयोगाच्या १९९७ च्या सुमाराच्या चर्चांतून पुढे आला. नियम मोडून केलेली ती बेकायदेशीर. संबंधित यंत्रणेला न कळवलेली किंवा खोटी कळवलेली ती अनोंदित. आणि कोणत्याही राष्ट्राच्या देखरेखीखाली नसलेल्या जहाजांनी केलेली ती अनियंत्रित, असा त्यातील स्थूल भेद आहे.

समुद्रावरील अंमलबजावणीच्या मर्यादा

आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार खुल्या समुद्रावरील जहाजावर मुख्यतः त्याच्या ध्वजराष्ट्राचाच, म्हणजे जिथे ते नोंदलेले आहे त्या राष्ट्राचाच अधिकार चालतो. काही राष्ट्रे शुल्क घेऊन परक्या मालकांच्या जहाजांना आपला ध्वज देतात, परंतु त्यांच्यावर देखरेख ठेवत नाहीत. एका ध्वजाखाली अडचण येऊ लागली की मालक जहाजाचे नाव व ध्वज दोन्ही बदलतो. खरा मालक एका देशात, कागदोपत्री कंपनी दुसऱ्या देशात, ध्वज तिसऱ्या देशाचा आणि खलाशी आणखी कुठले, अशी रचना असल्याने जबाबदारी निश्चित करणे अवघड जाते.

किनारी राष्ट्राला आपल्या २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात जहाज पकडता येते. मात्र वाजवी तारण मिळाल्यास जहाज व खलाशी यांना तत्परतेने सोडावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे बंधन आहे. २००२ च्या आरंभी ऑस्ट्रेलियाने हर्ड बेटाजवळ व्होल्गा हे रशियाच्या ध्वजाखालील जहाज पकडले. हे प्रकरण हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणापुढे गेले. डिसेंबर २००२ मध्ये न्यायाधिकरणाने तारणाची रक्कम कमी करून १९ लाख २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवली. सुटकेनंतरही जहाजावर माग काढणारे उपकरण ठेवावे, ही ऑस्ट्रेलियाची अट त्याने मान्य केली नाही.

व्हियार्सा-१ या उरुग्वेच्या ध्वजाखालील जहाजाचे प्रकरणही बोलके आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'सदर्न सपोर्टर' या गस्ती जहाजाला ते हर्ड बेटाजवळ दिसले. बर्फाळ व खवळलेल्या समुद्रातून २१ दिवस, सुमारे ३,९०० सागरी मैल पाठलाग झाला. दक्षिण आफ्रिका व ब्रिटन यांनी पाठवलेल्या जहाजांच्या मदतीने दक्षिण अटलांटिकमध्ये ते अडवण्यात आले. त्यावर सुमारे ९७ टन टूथफिश आढळला. तरीही २००५ साली पर्थ येथील खटल्यात ज्यूरीने आरोपी खलाशांना निर्दोष ठरवले. एका जहाजासाठी तीन राष्ट्रांची साधने खर्ची पडूनही शिक्षेची खात्री देता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कार्यपद्धती

टूथफिशच्या बाबतीत एक अनुकूल गोष्ट होती. हा मासा पकडणारे लोक तो खात नाहीत. तो गोठवून, बहुतांशी मोजक्या बंदरांत उतरवून, मोजक्या देशांच्या बाजारांत विकला जातो. त्यामुळे बंदर व सीमाशुल्क नाका ही नियंत्रणाची स्वाभाविक ठिकाणे ठरली. योजनेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. पकड: जहाजाचा कप्तान पकडीचे ठिकाण, काळ, माशाची जात व अंदाजे वजन यांची नोंद पकड दस्तऐवजात करतो. ध्वजराष्ट्र ही माहिती जहाजाच्या उपग्रहाद्वारे नोंदलेल्या मार्गाशी ताडून पाहते आणि समाधान झाल्यास पुष्टी क्रमांक देते.

२. उतरवणी: बंदरावर मासळी उतरवताना अधिकृत अधिकारी प्रत्यक्ष वजन तपासून दस्तऐवज प्रमाणित करतो. मासळी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढवली गेल्यास त्याचीही नोंद होते.

३. निर्यात: मासळी अन्य देशात पाठवताना मूळ दस्तऐवजाशी जोडलेला निर्यात दस्तऐवज तयार होतो. माल अनेक भागांत विकला गेला तरी सर्व भागांचे एकत्रित वजन उतरवलेल्या वजनापेक्षा अधिक होता कामा नये.

४. आयात: आयातदार देशाचा सीमाशुल्क विभाग दस्तऐवज पाहिल्याशिवाय माल सोडत नाही. मालाची पुनर्निर्यात झाल्यास साखळी पुढे चालू राहते.

सर्व नोंदी होबार्ट येथील सचिवालयात एकत्र होतात. आरंभी कागदावर चालणारी ही व्यवस्था पुढे संगणकीकृत झाली, त्यामुळे बनावट दस्तऐवज तयार करणे कठीण झाले. आयोगाचे सदस्य नसलेले देशही योजनेत सहभागी होऊ शकतात. जप्त केलेली मासळी विकायची झाल्यास तिच्यासाठी विशेष प्रमाणित दस्तऐवज दिला जातो. गुन्ह्यातील माल पुन्हा गुन्हेगाराच्याच लाभाचा ठरू नये, हा त्यामागील हेतू आहे.

क्षेत्र ५१ चे प्रकरण

योजना सुरू झाल्यानंतर लवकरच तिच्या नोंदींत एक विसंगती दिसू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सांख्यिकीसाठी जगातील समुद्रांचे क्रमांकित विभाग पाडले आहेत. त्यांपैकी क्षेत्र ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर होय. अरबी समुद्र व त्यासह कोकण किनारा याच क्षेत्रात येतो, तर त्याची दक्षिण सीमा आयोगाच्या अधिकारक्षेत्राला जाऊन भिडते. या क्षेत्राच्या दक्षिण भागातील खुल्या समुद्रात हजारो टन टूथफिश पकडल्याचे दस्तऐवज येऊ लागले.

हा भाग आयोगाच्या सीमेबाहेर असल्याने तेथील पकडीवर मर्यादा नव्हती. परंतु शास्त्रज्ञांनी तेथील समुद्रतळाची खोली व माशाचा अधिवास तपासला, तेव्हा टूथफिशला योग्य असे उंचवटे तिथे फारच थोडे असल्याचे दिसले. एवढी मासळी तेथून मिळणे विश्वसनीय नाही, असा निष्कर्ष निघाला. केर्गेलन, क्रोझे, हर्ड यांच्या परिसरात चोरलेली मासळी सीमेपलीकडची म्हणून दाखवली जात असल्याचा संशय त्यामुळे बळावला.

यावर अमेरिकेने २००३ पासून आयातीपूर्वी मंजुरी घेणे बंधनकारक केले, जहाजाच्या उपग्रहीय नोंदींची अट घातली आणि क्षेत्र ५१ व क्षेत्र ५७ (पूर्व हिंदी महासागर) येथील खुल्या समुद्रातून आल्याचे दाखवलेला टूथफिश स्वीकारणे बंद केले. खोट्या दस्तऐवजांनी योजनेची उणीव दाखवली हे खरे. पण सर्व नोंदी एका ठिकाणी जमा होत असल्यामुळेच ते खोटेपण उघड झाले. स्वतंत्रपणे पाहता प्रत्येक दस्तऐवज निर्दोष दिसत होता.

पूरक उपाय व सहकार्य

जहाजांची यादी: नियम मोडणाऱ्या जहाजांची यादी आयोग प्रसिद्ध करतो. यादीतील जहाजांना बंदरात सेवा देऊ नये, त्यांची मासळी घेऊ नये, त्यांना ध्वज देऊ नये, अशी सदस्य राष्ट्रांकडून अपेक्षा असते.

वन्यजीव व्यापार करार: २००२ साली सांतियागो येथे झालेल्या वन्यजीव व्यापारविषयक सायटिस कराराच्या परिषदेत ऑस्ट्रेलियाने टूथफिशला त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्याचा प्रस्ताव मांडला. पुढे तो मागे घेण्यात आला. मात्र सायटिस व आयोग यांनी सहकार्य करावे असा ठराव संमत झाला.

द्विपक्षीय करार: हर्ड बेट ऑस्ट्रेलियाचे, तर केर्गेलन फ्रान्सचे आहे. या दोन राष्ट्रांनी २००३ साली परस्परांच्या जलक्षेत्रांतील गस्त व पाठलाग यांविषयी करार केला आणि २००७ साली संयुक्त अंमलबजावणीचा करार केला.

परवानाधारकांची संघटना: कायदेशीर टूथफिश व्यावसायिकांनी २००३ साली आपली संघटना स्थापन केली. चोरट्या मासळीमुळे भाव पडत होते व साठाही घटत होता, म्हणून नियम पाळणाऱ्यांचेच नुकसान सर्वाधिक होते.

थंडर जहाजाचा पाठलाग

नॉर्वेत १९६९ साली बांधलेले थंडर हे जहाज कुको, टायफून-१, वुहान क्र. ४ अशी अनेक नावे व विविध ध्वज बदलत राहिले होते. आयोगाच्या काळ्या यादीत ते २००६ पासून होते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व नॉर्वे यांच्या विनंतीवरून इंटरपोलने डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्याविषयी 'जांभळी नोटीस' काढली. गुन्ह्याच्या पद्धतीची माहिती देशोदेशींच्या पोलिसांना देणारी ही सूचना असते.

१७ डिसेंबर २०१४ रोजी सी शेपर्ड या संघटनेच्या बॉब बार्कर जहाजाला अंटार्क्टिकाजवळ थंडर आढळले. त्यानंतर ११० दिवस, १०,००० सागरी मैलांहून अधिक पाठलाग चालला. संघटनेच्या सॅम सायमन या दुसऱ्या जहाजाने थंडरने मागे टाकलेली, आयोगाने बंदी घातलेली सुमारे ७२ किलोमीटर लांबीची गिलनेट जाळी पुरावा म्हणून वर काढली. पाठलाग चालू असतानाच नायजेरियाने थंडरची नोंदणी रद्द केली. ६ एप्रिल २०१५ रोजी ते साओ टोमे व प्रिन्सिप या राष्ट्राच्या जलक्षेत्रात बुडाले. पाठलाग करणाऱ्यांनीच त्यावरील खलाशांना वाचवले व जहाज बुडण्यापूर्वी पुरावे गोळा केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साओ टोमेच्या न्यायालयाने कप्तान व दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवून सुमारे १.५ कोटी युरोंचा दंड केला.

याच सुमारास कुनलुन नावाच्या जहाजाने थायलंडमधील फुकेत बंदरात १८० टनांहून अधिक टूथफिश ग्रूपर (हेकरू) या वेगळ्याच माशाच्या नावाने उतरवल्याचे उघडकीस आले. मासळीचे नाव बदलले की दस्तऐवजाची गरजच उरत नाही. म्हणून बंदरावर मासळी प्रत्यक्ष ओळखणे हा नियंत्रणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो.

जागतिक प्रसार

व्यापारी निर्बंधांचा मार्ग टूथफिशपुरता मर्यादित नाही. अटलांटिक ट्यूना संवर्धन आयोगाने १९९२ सालीच ब्लूफिन ट्यूनासाठी सांख्यिकी दस्तऐवज सुरू केला होता. नियम न पाळणाऱ्या राष्ट्रांतून या माशाची आयात बंद करण्याचे निर्णयही त्याने १९९० च्या दशकात घेतले. २००८ पासून त्याने पूर्ण पकड दस्तऐवज योजना लागू केली.

अन्न व कृषी संघटनेने २००१ साली बेकायदेशीर मासेमारीविरुद्ध आंतरराष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला. तिचा बंदरराष्ट्र उपाययोजना करार २००९ साली संमत होऊन ५ जून २०१६ रोजी लागू झाला. संशयित परदेशी जहाजाला बंदरात प्रवेश वा सेवा नाकारण्याचे बंधन त्यात आहे. ५ जून हा बेकायदेशीर मासेमारीविरोधी आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून आयात होणाऱ्या सागरी मासळीस पकड प्रमाणपत्र सक्तीचे केले. सहकार्य न करणाऱ्या देशाला आधी 'पिवळे कार्ड' म्हणजे इशारा व नंतर 'लाल कार्ड' म्हणजे आयातबंदी, अशी पद्धत त्यात आहे. मार्च २०१४ मध्ये बेलिझ, कंबोडिया व गिनी यांवर प्रथम बंदी आली. श्रीलंकेवर २०१५ च्या आरंभी बंदी लागू झाली व सुधारणांनंतर २०१६ साली ती उठली. थायलंडला एप्रिल २०१५ मध्ये मिळालेला इशारा जानेवारी २०१९ मध्ये मागे घेण्यात आला. अमेरिकेने २०१८ पासून व जपानने २०२२ पासून निवडक जातींसाठी आपापल्या आयात-नियंत्रण योजना सुरू केल्या.

जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये मत्स्यव्यवसाय अनुदानविषयक करार स्वीकारला. बेकायदेशीर मासेमारीस अनुदान देण्यास मनाई करणारा हा करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाला.

परिणाम

आयोगाच्या क्षेत्रातील बेकायदेशीर पकड २००० च्या दशकात लक्षणीय घटली. गस्त, जहाजांची यादी, बंदरांवरील तपासणी व दस्तऐवज यांचा हा एकत्रित परिणाम आहे. त्यांतील एकाच उपायाला श्रेय देता येत नाही. २००४ साली दक्षिण जॉर्जियाच्या टूथफिश मासेमारीस शाश्वततेचे मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले व पुढे इतर काही भागांनाही ते मिळाले. दस्तऐवजरहित मासळीला मोठ्या बाजारांत प्रवेश न मिळाल्याने तिचा भाव कमी झाला व चोरीतील नफा घटला.

मर्यादा व टीका

एकमताची अट: आयोगाचे निर्णय एकमताने होत असल्याने एखादे सदस्य राष्ट्र आपल्या जहाजाचे नाव यादीत येण्यापासून रोखू शकते. २०२० साली न्यूझीलंडने रशियाच्या ध्वजाखालील पामर हे जहाज बंद क्षेत्रात आढळल्याचे कळवले. रशियाने पुरावा अमान्य केला व जहाजाचे नाव यादीत येऊ शकले नाही. २०२१ साली रशियाच्या आक्षेपामुळे दक्षिण जॉर्जियाच्या परिसरासाठी पकडमर्यादा ठरू शकली नाही. ब्रिटनने तरीही परवाने दिले, तेव्हा त्या परवान्यांवर पकडलेला टूथफिश स्वीकारण्यास अमेरिकेने नकार दिला. मित्रराष्ट्राच्या मालालाही नियम लागू करावा लागतो, याचे हे उदाहरण होय.

मालकांपर्यंत न पोहोचणे: शिक्षा बहुधा कप्तान व खलाशी यांनाच होते, नफा घेणारा मालक दूर राहतो. स्पेनने २०१४ साली कायदा कडक करून परदेशी ध्वजाआड असलेल्या आपल्या नागरिकांवर कारवाई सुरू केली व मोठे दंड आकारले. तथापि खुल्या समुद्रातील कृत्यांवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार स्पॅनिश न्यायालयांना नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला.

व्यापारी न्यायाचा प्रश्न: बलवान बाजारपेठांनी एकतर्फी अटी लादल्यास विकसनशील देशांतील मच्छीमारांवर अन्याय होण्याचा धोका असतो. कासवांना वाचवणारी साधने न वापरता पकडलेल्या कोळंबीवर अमेरिकेने घातलेल्या बंदीविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. पर्यावरणरक्षणाचा हेतू वैध असला तरी बंदीची अंमलबजावणी भेदभावाची आहे, असा निर्णय १९९८ साली अपील मंडळाने दिला. म्हणूनच सर्वांच्या संमतीने ठरलेली व सर्वांना समान लागू होणारी योजना अधिक न्याय्य मानली जाते.

भारताशी संबंध

भारत १९८० च्या दशकापासून या आयोगाचा सदस्य आहे. भारतातून युरोपीय संघाकडे जाणाऱ्या सागरी मासळीसाठी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण पकड प्रमाणपत्र प्रमाणित करते. त्यामुळे महाराष्ट्र व गोव्याच्या बंदरांत उतरणारी माकुळ, म्हाकूळ वा कोळंबी युरोपला जायची असेल, तर ती कोणत्या नौकेने व कुठे पकडली याची नोंद आवश्यक ठरते. येथील नौका यांत्रिक व लहान, त्यांची संख्या मोठी आणि एका व्यापाऱ्याकडे अनेक नौकांची मासळी एकत्र होते. म्हणून मोजक्या मोठ्या जहाजांसाठी आखलेल्या टूथफिश योजनेपेक्षा येथे नोंदी ठेवण्याचे काम अधिक गुंतागुंतीचे आहे.

हेही पहा

अंटार्क्टिक करार
अनन्य आर्थिक क्षेत्र
अन्न व कृषी संघटना
अल्बट्रॉस
संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार